वाघिणीचे माप व घराचे माप : सामूहिक वीज-खरेदीची पूर्वपीठिका, सावद्याच्या संदर्भात

घरगुती उपयोगाचे लहान सौरसंच अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन एकाच वेळी व एकाच विक्रेत्याकडून विकत घेण्याची पद्धती अगदी अलीकडची समजली जाते. केवळ संचाचा विचार केला तर ही समजूत चुकीची नाही. एक-दोन पट्टे, त्यांना जोडलेला लहान इन्व्हर्टर व भिंतीतील सॉकेटमध्ये घालावयाचा प्लग एवढ्यावर भागणारा संच जर्मनीत गेल्या दहा-बारा वर्षांत लोकप्रिय झाला. तेथील सज्जांच्या कठड्यांवर तो दिसू लागला, म्हणून त्याला 'सज्जावरचे वीजकेंद्र' असे नावही पडले. परंतु खरेदीच्या रीतीचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. जी वस्तू एका घराला थोडी लागते, पण बाजारात मोठ्या मापाने स्वस्त मिळते, ती शेजाऱ्यांनी मिळून आणावी व वाटून घ्यावी, हा व्यवहार पुरातन आहे. प्रस्तुत लेखात सावदा व त्याच्या आसमंताच्या संदर्भात या व्यवहाराची पूर्वपीठिका तपासावयाची आहे. सावद्यात असे संच अमुक साली सामूहिक रीतीने घेतले गेले, असा वृत्तान्त येथे सांगावयाचा नाही. ज्या गावाने विक्रीतील सहकार्य पिढ्यान्‌पिढ्या आचरणात आणले, त्याच्या अनुभवातून खरेदीतील सहकार्याविषयी काय निष्पन्न होते, एवढाच प्रश्न आहे.

सावदा हे रावेर तालुक्यातील जुने बाजारगाव. १७६३ मध्ये ते निजामाकडून कायमचे पेशव्यांकडे आले आणि थोड्याच अवधीत सरदार रास्ते यांजकडे गेले. १८८३ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. त्या काळी गावाचा व्यापार मुख्यतः कापूस, हरभरा, जवस व गहू यांचा असे आणि आठवड्याच्या बाजारात नेमाडी व वऱ्हाडी गुरांना चांगली किंमत येई. केळीचे नाव त्या यादीत नाही. केळीने हा मुलूख व्यापला तो पुढे, विसाव्या शतकात. त्याला तीन कारणे एकत्र आली : तापीच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन, विहिरींचे पाणी व रेल्वे. मुंबई-जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये पुरा झाला होता व भुसावळपासून खांडव्याकडे जाणारा त्याचा भाग सावदा, निंभोरा व रावेर या स्थानकांवरून जात होता. उत्तर हिंदुस्थानची बाजारपेठ त्यामुळे केळीला खुली झाली.

येथे एक साधी पण दूरगामी अडचण उभी राहिली. केळी हे नाशवंत फळ आहे. कटाई झाल्यावर ते थांबत नाही. उलटपक्षी रेल्वेचे माप शेतकऱ्याच्या मापाशी जुळत नाही. पुढील काळातील पार्सल-वाघीण घेतली तर तिची वाहनक्षमता सुमारे २३ टन. दोन-चार एकरांच्या धन्याचा एका दिवसाचा माल तिच्या एका कोपऱ्यात मावेल. वाघीण अर्धी भरून पाठविली तरी भाडे पुरे द्यावे लागणार आणि ती भरेपर्यंत थांबावे तर घड पिकणार. ही अडचण कोणाच्या सद्भावनेने सुटणारी नव्हती. ती सुटली ती अनेकांचा माल एका वाघिणीत घालून आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा ठेवून. रावेर व यावल तालुक्यांतील गावोगावच्या फळविक्री सहकारी संस्थांनी, ज्यांना त्या भागात आजही 'फ्रूटसेल सोसायटी' असेच म्हणतात, हे काम अंगावर घेतले. वाघीण सामाईक, माल ज्याचा त्याचा, आणि दोहोंच्या मध्ये एक नोंदवही, अशी ही त्रिविध मांडणी होय. मालाच्या मालकीचे एकत्रीकरण तिच्यात मुळीच नाही, ही गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. सहकाराविषयी लिहिताना 'सारे एकाचे, एक साऱ्यांचे' अशा भाषेचा मोह पुष्कळांना होतो. केळीच्या वाघिणीने ती भाषा कधी वापरली नाही.

हीच मांडणी अगदी निराळ्या परिस्थितीत २०२१ मध्ये पुन्हा दिसून आली. 'किसान रेल' गाड्यांचा उपक्रम ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली-दानापूर गाडीने सुरू झाला. त्यानंतर रावेर व सावदा येथून दिल्लीतील आदर्शनगर स्थानकाकडे केळीच्या गाड्या सुटू लागल्या. भाड्यात सरकारने निम्मी सवलत दिली होती खरी. तथापि सबंध गाडी भरण्याची कला या गावांनी आधीच हस्तगत केलेली होती.

वाघीण हे ज्याप्रमाणे अविभाज्य एकक, त्याचप्रमाणे सौरपट्ट्यांच्या व्यापारातही एक अविभाज्य एकक आहे. कारखान्यातून पट्टे सुटे निघत नाहीत. तीस-पस्तीस पट्ट्यांचा एक बांधीव गठ्ठा, आणि असे कित्येक गठ्ठे भरलेला एक कंटेनर, असे त्यांचे माप असते. घराचे माप मात्र दोन पट्ट्यांचे. या दोन मापांमधील अंतर कोणी तरी भरून काढावे लागते. दुकानदाराने ते भरले तर त्याचा मोबदला किमतीत येतो. ग्राहकांनी आपसांत भरले तर तो वाचतो. सामूहिक खरेदीचे सारे अर्थशास्त्र एवढेच आहे, आणि रॉचडेल येथील विणकरांनी १८४४ च्या डिसेंबरात जे दुकान उघडले त्याचेही ते एवढेच होते. त्या दुकानातील पहिल्या जिनसा पीठ, लोणी, साखर व ओटचे भरड या होत्या आणि त्यांच्या जोडीला मेणबत्त्या होत्या. सहकारी चळवळीच्या इतिहासात अन्नाला जेवढे स्थान मिळाले तेवढे मेणबत्त्यांना मिळाले नाही. वस्तुतः घरातील उजेड ही सामाईक खरेदीची वस्तू आहे, हे त्या पहिल्याच दिवशी मान्य झाले होते.

हिंदुस्थानात १९०४ च्या सहकारी कायद्याने केवळ पतसंस्थांना मान्यता दिली. खरेदी-विक्रीच्या संस्थांना वाट मिळाली ती १९१२ च्या कायद्याने. विजेच्या क्षेत्रात सहकाराचा प्रवेश होण्यास मात्र १९६९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना झाली आणि अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच प्रायोगिक संस्था निघाल्या. त्यांपैकी दोन मराठी वाचकाला जवळच्या आहेत : तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था व बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी येथील संस्था. मुळा-प्रवरेची रचना सामूहिक खरेदीचे शुद्ध उदाहरण म्हणावी अशी होती. राज्य वीज मंडळाकडून वीज घाऊक घ्यावयाची व श्रीरामपूर आणि लगतच्या तालुक्यांतील सभासदांना किरकोळ पुरवावयाची. उसाच्या त्या पट्ट्यात संस्थेने विद्युतीकरण झपाट्याने केले, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे.

मग ती का टिकली नाही? तिचा परवाना २०११ मध्ये संपुष्टात आला व वितरणाचे काम महावितरणकडे गेले. तोवर मंडळाचे व त्याच्या उत्तराधिकारी कंपनीचे येणे दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेले होते. या थकबाकीला राजकारण, घाऊक दराचा वाद व शेतीपंपांचे सवलतीचे दर अशी कारणे सांगितली जातात, व ती सर्व खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी मापनाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. वीज घाऊक घेताना मोजली जात होती आणि वाटताना मोजली जात नव्हती. याचा अर्थ असा की मुळा-प्रवरेत वाघीण होती, माल होता, पण मधली नोंदवही फाटलेली होती. देणे सामाईक झाले व वापर खाजगी राहिला. केळीच्या वाघिणीची मांडणी याच्या नेमकी उलट आहे आणि म्हणूनच दोहोंची तुलना उद्बोधक ठरते. हुक्केरीची संस्था अद्याप चालू आहे. तेव्हा केवळ 'सहकार' या रूपाला दोष देऊन चालणार नाही, हेही उघड आहे.

मापनाविषयीचा संशय सावद्याला नवा नाही. १८५२ मध्ये महसुली मोजणी सुरू होताच येथे मोठा क्षोभ उसळला. दहा ते पंधरा हजारांचा जमाव जमला आणि लष्कराची तुकडी येऊन पुढाऱ्यांस पकडीपर्यंत तो हटला नाही. या प्रसंगाकडे अडाणी रयतेचा नव्या शास्त्राला विरोध म्हणून पाहण्याची रीत होती. ते पुरेसे नाही. मोजणाऱ्याच्या हाती साखळी आहे, आकारणी ठरविणाराही तोच आहे आणि मोजलेले आपल्याला तपासता येत नाही, अशा स्थितीत शेतकऱ्याने घेतलेला तो आक्षेप होता. २०२४ मध्ये महाराष्ट्रात घरोघरी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याविरुद्ध जी ओरड झाली आणि जिच्यामुळे सामान्य ग्राहकांपुरता तो बेत सरकारला मागे घ्यावा लागला, तिच्या मुळाशी हाच आक्षेप नव्हता काय? दोन घटनांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे व त्यांची तुलना मर्यादेपलीकडे ताणू नये. तथापि माप कोणाच्या हाती, हा धागा दोहोंतही आहे. फळविक्री संस्थेच्या काट्यावर शेतकरी विश्वास ठेवतो तो काटा अचूक असतो म्हणून नव्हे; वजन करताना तो स्वतः तेथे उभा असतो म्हणून.

खानदेशातच सामूहिक विजेचा आणखी एक प्रयोग झाला. तो सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे. ओढ्याच्या धबधब्यावर पंधरा किलोवॉटचे लघु जलविद्युत केंद्र केरळमधील 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या संस्थेच्या अभियंत्यांच्या साहाय्याने गावकऱ्यांनी श्रमदानातून उभारले. जानेवारी २००३ मध्ये ते सुरू झाले. येथे खरेदीपेक्षा श्रमाचा भाग मोठा होता आणि वाटणीचा नियम साधा होता : वीज थोडी, म्हणून प्रत्येक घराला थोडीच. सातपुड्यातील गावांना अशी कामे अपरिचित नव्हती. सावड व इर्जिक या नावांनी महाराष्ट्रभर ओळखली जाणारी श्रमविनिमयाची रीत हीच आहे. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्याने हे केंद्र बुडाले. प्रयोग फसला असे त्यावरून म्हणता येत नाही. तो बुडविला गेला. मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. एकाच जागी उभे असलेले सामाईक यंत्र एका आघाताने सर्वांचे जाते. घरोघर विखुरलेल्या लहान संचांना हे भय नाही, आणि त्यांच्या बाजूने करता येण्याजोगा हा एक सबळ युक्तिवाद आहे.

सपाटीवरील सावद्यासारख्या गावांचा अनुभव निराळ्या प्रकारचा. अवघ्या काही मैलांवर दीपनगर येथे १९६८ पासून औष्णिक वीजकेंद्र चालत आले, तरी २००५ नंतरच्या भारनियमनातून हा मुलूख सुटला नाही. केळीला बारमाही पाणी लागते. पंपाला वीज रात्रीची मिळाली तर रात्री शेतात जावे लागते. त्या वर्षांत महावितरणने 'अक्षय प्रकाश' नावाची योजना आणली होती. संध्याकाळच्या वेळी गावाने शेतीपंप बंद ठेवावेत, विजेची मागणी ठरलेल्या मर्यादेत राखावी, आणि त्याच्या बदल्यात घरांतील दिवे चालू राहावेत, असा तो करार होता. इतिहासाच्या दृष्टीने ही योजना मिळाले त्यापेक्षा अधिक लक्ष देण्याच्या योग्यतेची आहे, कारण तिच्यात गाव हे विजेच्या व्यवहारातील एक पक्ष म्हणून मान्य झाले. एकाने चोरून पंप लावला तर साऱ्यांचे दिवे जात. शेजाऱ्यावर शेजाऱ्याचे लक्ष हाच तिचा मीटर होता.

याच काळात ऐपतदार घरांनी बॅटरीवरचे इन्व्हर्टर घेतले. ही खरेदी अगदी एकाकी होती. गल्लीतील दहा घरांनी दहा दुकानांतून दहा भावांनी संच आणले; भिशी चालविणाऱ्या व एकमेकांच्या लग्नाची भांडी सामाईक वापरणाऱ्या घरांनीही तसेच केले. वीज येताच या बॅटऱ्या भरून घेण्यासाठी जी ओढ लागे, तिने तुटवड्यात भर पडे ती निराळीच. सामूहिक खरेदी ही परंपरेतून आपोआप उगवते, या समजुतीला हे उदाहरण चांगलेच छेद देते. वाघिणीसारखे बाहेरून लादलेले मोठे माप नसेल, तर सहकाराची सवय असलेला माणूसही एकटाच बाजारात जातो.

सौरसंचांच्या बाबतीत ते मोठे माप परदेशांत प्रथम हेतुपुरस्सर निर्माण करावे लागले. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २००९ मध्ये एका भागातील रहिवाशांनी एकत्र येऊन एकच कंत्राटदार नेमला. 'सोलराइझ' या नावाने ती रीत पुढे अनेक शहरांत पसरली. नेदरलँड्समध्ये अर्जेंडा या संस्थेने २०१० मध्ये हजारो घरांची मागणी गोळा करून पट्टे थेट चीनमधून आणविले. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून अशा संचांवरील विक्रीकर शून्य झाला. मे २०२४ पासून आठशे वॉटपर्यंतच्या इन्व्हर्टरला सुलभ नोंदणीची वाट मिळाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून भाडेकरूला घरमालकाकडून संमती मागण्याचा हक्क प्राप्त झाला. २०२५ मध्ये नोंदलेल्या संचांची संख्या दहा लाखांवर गेली. यांतील अखेरची तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे. संच स्वस्त होणे ही एक गोष्ट. ज्याला छप्पर नाही त्याला तो लावता येणे ही दुसरी.

भारतात घटनाक्रम निराळा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली' योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य व ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये व तीन किलोवॉट वा अधिकला एकूण ७८,००० रुपये असे अनुदान ठरले. गृहनिर्माण संस्थांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपयांची जी तरतूद आहे ती सामाईक सोयींसाठी, म्हणजे जिन्यातील दिवे, पाण्याचे पंप इत्यादींसाठी. एकत्र येऊन स्वतंत्र घरांसाठी खरेदी करणाऱ्या गटासाठी नव्हे. अनुदानाचा अर्ज कुटुंबाचा, वीजजोडणी कुटुंबाच्या नावावर, छप्परही कुटुंबाचे, असा या योजनेचा पाया आहे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी या गावाने २०२४ मध्ये सर्व १०२ घरे सौरविजेवर आणून राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून नाव मिळविले. तेथे ग्रामपंचायतीने पुढाकार घेतला आणि संच मात्र घरोघरच्या छपरांवर बसले; वाघिणीची मांडणी येथे पुन्हा आढळते.

सावद्याच्या जुन्या वस्तीत मात्र छपराचा प्रश्न सोपा नाही. खानदेशातील जुने घर धाब्याचे. लाकडी तुळयांवर मातीचा थर, वर सपाट गच्ची. उन्हाळ्यात तेथे पापड-कुरडया वाळतात, रात्री अंथरुणे पडतात. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या वाड्याचे धाबे पुष्कळदा सामाईक राहते. त्यात लोखंडी सांगाडा रोवण्यास माती धरत नाही आणि चुलत्याची संमती मिळत नाही. अशा घराला तीन किलोवॉटचा संच निरुपयोगी आहे, अनुदान कितीही असो. कठड्याला टेकवून ठेवता येणारे दोन पट्टे तेथे चालतील. आठशे वॉटचा संच अनुकूल मांडणीत दिवसाला सुमारे तीन युनिट वीज देईल, म्हणजे पंखे, दिवे व फ्रिज यांचा दिवसाचा भार बव्हंशी उचलील. जळगावचे ऊन मात्र दुधारी आहे. पट्ट्याचे तापमान पंचवीस अंशांच्या वर गेले की दर अंशास उत्पादन तीन-चार दशांश टक्क्याने घटते. वैशाखात पट्टा पासष्ट-सत्तर अंशांवर तापतो, तेव्हा सातवा हिस्सा तेथेच जातो. धूळ निराळी.

परंतु प्लगचा संच भारतीय नियमांच्या चौकटीत सहज बसत नाही. घरगुती सौरविजेची रूढ वाट म्हणजे अर्ज, तपासणी व नेट मीटर. २०२४ च्या नियमदुरुस्तीने दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासाची अट काढली, तरी नोंदणीची जरुरी राहिली. ही अट निव्वळ कारकुनी नाही. तारेवर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनला उलट दिशेने येणाऱ्या विजेचा धोका असतो. म्हणून जाळ्यातील वीज जाताच संचाने क्षणार्धात बंद पडणे अनिवार्य आहे, आणि प्रत्येक स्वस्त इन्व्हर्टर ते करील याची खात्री एकेकट्या ग्राहकाला देता येत नाही. शिवाय काही इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. न नोंदविलेल्या संचाच्या धन्याला स्वतःच निर्माण केलेल्या विजेचे बिल येऊ शकते. १८५२ चा तो जुना प्रश्न येथे पुन्हा, आणि अधिक चमत्कारिक स्वरूपात उभा राहतो. शंभर घरांच्या वतीने एकाच प्रतीचा, तपासलेला इन्व्हर्टर निवडणे व शंभर अर्ज एकदम दाखल करणे हे गटाला शक्य आहे. किमतीतील बचतीपेक्षा गटाचा हा उपयोग मोठा मानला पाहिजे.

फळविक्री संस्था आणि सौरखरेदीचा गट यांच्या तुलनेत एक भेद अखेरपर्यंत उरतो, आणि तो गौण नाही. केळीची कटाई दरवर्षी होते. या हंगामात ज्याने वजनात फसविले त्याला पुढील हंगामात वाघिणीत जागा मिळत नाही. व्यवहाराची पुनरावृत्ती हाच संस्थेचा खरा कायदा आहे. सौरसंचाला दुसरा हंगाम नाही. पट्टे उतरले, वाटले गेले, पैसे चुकते झाले की गटाचे काम संपते व गट विरतो. पट्ट्याच्या उत्पादनाची हमी मात्र पंचवीस वर्षांची असते आणि इन्व्हर्टर बहुधा त्याच्या अर्ध्या आयुष्यातच बदलावा लागतो. सहाव्या-सातव्या वर्षी एखाद्या विधवेच्या घरातील इन्व्हर्टर बंद पडला, तर तिने कोणाकडे जावे? विक्रेता परगावचा, गटाचा मुख्य पुण्याला मुलाकडे गेलेला, हमीपत्र कोणाच्या तरी कपाटात. ज्या गावात फळविक्री संस्थेचे कार्यालय दररोज उघडते, काटा आहे, कारकून आहे व सभासदांची खाती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, तेथे पट्ट्यांचे क्रमांक, हमीची मुदत व दोन-चार राखीव इन्व्हर्टर यांची नोंद त्याच खातेवहीत, केळीच्या घडांच्या शेजारच्या रकान्यात ठेवण्यास पोटनियमांत एका कलमाची भर घालावी लागेल.